जुनी डिझेल एसयूव्ही घेताय? आधी काय काय उघडावं लागेल ते बघा

२०२२ साली मी एक सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली. २०१५ चं मॉडेल, ९४ हजार किलोमीटर, सहा लाख दहा हजार. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं आणि वर्षातून दोनदा कोकण, असा हिशेब होता. पहिल्या अकरा महिन्यांत गॅरेजमध्ये एक लाख सदतीस हजार गेले. त्यातले निदान पन्नास हजार माझ्या बावळटपणाचे.

नमुना सांगतो. दुसऱ्याच महिन्यात क्लच गेला. पुण्यात धायरीचे आमचे मिस्त्री गिअरबॉक्स खाली उतरवून उभे होते. म्हणाले, "साहेब, उघडलंय तोवर क्रँकचं मागचं सील टाकून घेऊ का? अठराशेचं आहे." मी विचारलं, "गळतंय का?" "नाही अजून." "मग राहू द्या." सात महिन्यांनी ते सील गळायला लागलं, ऑईल नव्या क्लच प्लेटवर आलं आणि प्लेट घसरायला लागली. पुन्हा गिअरबॉक्स खाली. मजुरी साडेसहा हजार, क्लच सेट साडेनऊ हजार आणि तेच अठराशेचं सील. मिस्त्रींनी तोंडातून एक शब्द काढला नाही, फक्त जुनं सील माझ्या हातावर ठेवलं. रबर बोटाने दाबलं तर प्लास्टिकसारखं कडक.

तेव्हापासून मी पार्टच्या किमतीपेक्षा एकच गोष्ट आधी विचारतो: यासाठी काय उघडावं लागणार? जुन्या गाडीचं बिल दोन गोष्टींचं असतं, पार्टचं आणि तिथपर्यंत पोचण्याचं. पोचण्याचे पैसे एकदाच द्यायचे असतील, तर त्या वाटेवरची सगळी कामं एका दमात करायची. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आकड्यांबद्दल एक खुलासा. खालचे दर मध्यम आकाराच्या डिझेल एसयूव्हीचे, पुण्यातल्या चांगल्या खासगी गॅरेजमधले, मजुरी धरून, ढोबळ आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला साधारण दीडपट धरा. फॉर्च्युनर, एंडेव्हरच्या वर्गाला हे आकडे लावू नका, तिथे सगळंच वेगळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, त्यामुळे कोणी त्याआधीचं बिल दाखवून आजचा भाव सांगत असेल तर तेवढं लक्षात ठेवा.

गाडी बघायला जाल तेव्हा

आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. मी गेलो तेव्हा रविवारी सकाळी आठ वाजता बॉनेट कोमट होतं. मालक म्हणाले, "जरा डिझेल टाकून आलो, तुम्हाला ट्रायल घ्यायची ना." केवढा सज्जन माणूस, असं मला वाटलं. डिसेंबर उजाडला आणि सकाळी गाडी चार-चार सेल्फ मारल्याशिवाय चालू होईना, तेव्हा कळलं की थंड इंजिन तापवून चालू करणाऱ्या चार ग्लो प्लगपैकी दोन मेलेले होते. एक ग्लो प्लग हजार ते अठराशेला मिळतो. काढताना हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, तुटला तर मात्र त्याची किंमत विचारू नका.

थंड इंजिन चालू होताना धूर बघा. हिवाळ्यात दोन-चार सेकंद पांढरट धूर आला तर चालतं. तो रेंगाळला तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा नोझल) किंवा ग्लो प्लगचा संशय घ्या. गरम झाल्यावरही पांढरा येत असेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

आता इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण हळूच सैल करा. थोडी फुंकर येते, ती सगळ्यांनाच येते. पण शिट्टी काढल्यावर कुकरमधून वाफ यावी तसा धूर फसफसून येत असेल, तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. हे काम एक लाखाच्या पुढे सुरू होतं, पावणेदोनपर्यंत जातं. तिथेच चहा नको म्हणून उठायचं.

डॅशबोर्डवरचे दिवे दोनदा बघायचे असतात. चावी फिरवली की चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. न विझणारा दिवा सगळ्यांना दिसतो. मुळात न लागलेला दिवा कोणी बघत नाही, आणि लबाडी बहुतेक तिथेच असते. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या, पाचशे ते हजार रुपये लागतात. ऐन सकाळी सगळे कोड कोरे दिसले आणि "कालच बॅटरी काढली होती" असं उत्तर मिळालं, तर वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

किलोमीटर मागे फिरवलेले असू शकतात. खरंच ९० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत नसतं, स्टिअरिंगचं लेदर चकचकीत झालेलं नसतं. नंबर देऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढा. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. गाडी सात-आठ वर्षांची, मालक एकच आणि बोनस शून्य, म्हणजे बहुतेक अलीकडेच काहीतरी क्लेम झालाय. काय झालं होतं ते सरळ विचारा. चारही दारांचं रबर बीडिंग थोडं ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर गोल असतात, ठोकून उभी केलेल्या गाडीचे वेडेवाकडे.

ट्रायल कर्वे रस्त्यावर घेऊ नका, तिथे तुमची सहनशक्ती कळते, गाडीची नाही. चढ पाहिजे. कात्रजचा जुना घाट, बोपदेव किंवा दिवे घाट, जो जवळ पडेल तो. माणसं भरा, एसी पूर्ण सोडा. चढताना तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला की टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) ओढ गुळगुळीत लागली पाहिजे आणि तापमानाचा काटा निम्म्यावर चिकटून राहिला पाहिजे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत.

गिअरबॉक्स खाली येतो तेव्हा

हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाची गाडी म्हणजे क्लचचं कातडं सोललेलं, असं धरून चला. हाफ क्लचवर रांगणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. तपासायची युक्ती सोपी: मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाला चौथा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण गाडी पळाली नाही, तर प्लेट संपली आहे.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिळून मजुरीसह १२ ते २० हजार. पण खरी भीती फ्लायव्हीलची. बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन थाळ्या, ज्या इंजिनचे झटके गिळतात. ते गेलं की गाडी सोडताना थडथड होते, इंजिन बंद करताना खडखडाट येतो. नवं फ्लायव्हील एकटं ३० ते ५० हजार. डस्टर घेणार असाल तर ८५ पीएस आणि ११० पीएसमधला हा फरक विचारून घ्या, ड्युअल मास ११० वाल्यात आहे. ते हाताने फिरवून किती सैल आहे हे मिस्त्री उघडल्यावर सांगू शकतो, त्यामुळे क्लचच्या कामाला स्वतः हजर रहा.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर हे विचारा: क्रँकचं मागचं सील, ड्राइव्ह शाफ्टची सीलं, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, गिअर ऑईल, गिअरबॉक्सचं माउंटिंग. सगळं मिळून सहा ते दहा हजार वाढतात. माझ्या दुसऱ्या फेरीच्या सतरा हजार आठशेपेक्षा स्वस्तच.

बेल्ट की चेन

हा प्रश्न मॉडेल ठरवण्याआधीच विचारायचा. पिस्टन आणि व्हॉल्व एका तालात ठेवायला इंजिनात चेन असते किंवा बेल्ट. टायमिंग चेन सहसा इंजिनाच्या आयुष्याला पुरते, फक्त ऑईल वेळेवर बदललेलं हवं. टायमिंग बेल्ट रबरी असतो, ठरावीक किलोमीटरला किंवा वर्षांना बदलावाच लागतो. तुटला तर पिस्टन व्हॉल्ववर आपटतात आणि हेड गेलं. इथे "चालतंय तोवर चालवू" हे धोरण चालत नाही, कारण बेल्ट आवाज करून निरोप देत नाही.

एक्सयूव्ही ५०० चं एमहॉक इंजिन आणि ब्रेझाचं १.३ डिझेल चेनवाली. डस्टरचं १.५ डिझेल, जुन्या इनोव्हाचं २.५ आणि हॅरिअर, हेक्टर, कंपासमधलं दोन लिटरचं डिझेल बेल्टवाली. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललेला नाही असंच समजा. बेल्ट, टेन्शनर, आयडलर मिळून १० ते १८ हजार. त्याच जागेत वॉटर पंप असेल तर तोही त्याच वेळी, कारण तीन-चार हजारांच्या पंपासाठी तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

गरम होणं

गाडी गरम झाली की मालक "काही नाही, थर्मोस्टॅट असेल" म्हणणार, आणि खरंच कधीकधी तेवढंच असतं. दीड-दोन हजार. पण जुन्या एसयूव्हीत मी हा धोका सगळ्यात वरचा मानतो, कारण एकदा चांगली गरम झालेली गाडी हेडवर जाते, आणि हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या सीलचं, काम २५ ते ४५ हजार, हेड वाकलं असेल तर त्याहून जास्त.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीत बघा. रंग स्वच्छ हिरवा, गुलाबी किंवा लाल असेल तर ठीक. गंजाचं तपकिरी पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय, आणि रेडिएटर आतून चोंदलेला आहे. टाकीत तेलाची साय दिसली, किंवा इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत राहिले, तर गॅस्केट गेलं आहे. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा लगदा असेल तर तोच संशय, मात्र रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही जमतो.

रेडिएटर ८ ते १५ हजार, पंखा ५ ते १० हजार, होज पाइप तीन-चार हजारांत. रेडिएटर निघालाच तर पुढचा एसीचा कंडेन्सर, पंखा आणि पाइप त्याच दिवशी बघून घ्यायचे. कूलंट कंपनीने सांगितलंय तेच, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. घाटात काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, काचा उघडा आणि बाजूला घ्या. खंबाटकीत मे महिन्यात हीटर लावून बसण्यात काय मजा असते ते माझ्या सासूबाईंना विचारा.

ओढ कमी झाली: टर्बो, इंजेक्टर, ईजीआर

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण लक्षण एकच असतं, "पिकअप पडला", आणि कारणं सहा. त्यातलं सगळ्यात महाग कारण आधी सांगितलं जातं: "टर्बो गेलाय साहेब." नवा टर्बो ३५ ते ७० हजार, दुरुस्त केलेला १५ ते २२ हजार.

माझ्याही गाडीची ओढ अचानक गेली होती, मागे काळा धूर. पहिल्या गॅरेजने टर्बोचं एस्टिमेट दिलं. धायरीच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, रबरी पाइप पिळला. घडीत बोटभर चीर होती, तोंड मिटून बसलेली. दाब आला की उघडायची आणि हवा बाहेर. अडीच हजारांत गाडी पूर्ववत. तेव्हा क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी एअर फिल्टर, मग टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप, मग डिझेल फिल्टर, मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व), मग सेन्सर, आणि हे सगळं बघून झाल्यावर टर्बो.

टर्बो खरंच गेला असेल तर तीन खुणा असतात: सायरनसारखी वाढत जाणारी शिट्टी, निळा धूर, आणि पाइप काढल्यावर आत तेलाचं थारोळं. थोडी तेलाची ओल सगळ्याच पाइपांत असते, त्यावरून घाबरू नका. आणि टर्बो बदलताना त्याची ऑईलची नळी साफ करून किंवा बदलून घ्या, नाहीतर नवाही तसाच उपाशी मरतो.

इंजेक्टरला रिटर्न टेस्ट करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल वेगळ्या बाटलीत जमवतात. चार बाटल्यांत एकीचीच पातळी उंच असेल तर तो एकच इंजेक्टर दोषी. नवा १२ ते २२ हजार, दुरुस्ती ४ ते ८ हजार. चारही बदला म्हणणाऱ्याला बाटल्या दाखवायला सांगा. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं आणि त्यातलं पाणी काढून टाकणं हा इंजेक्टरचा खरा विमा आहे, पंधराशे-दोन हजारांत.

ईजीआर व्हॉल्व काजळीने चिकटतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत जास्त. काढून साफ करणं दोन ते चार हजार, नवा १२ ते २० हजार. साफ करताना मॅनिफोल्डही, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या, उघडून बघा, आत डांबरासारखा थर असतो.

बीएस ६ डिझेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची गाडी घेत असाल, तर त्यात डीपीएफ आहे. धुरातली काजळी तो गोळा करतो आणि एक्झॉस्ट तापलं की जाळून टाकतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, साठच्या वर पळावी लागते. कोथरूड ते डेक्कन रोज करणाऱ्याच्या गाडीला हे कधी मिळतच नाही. मग दिवा लागतो, मग गाडी ताकद कापते. जाळण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा अर्धवट राहिला की जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वास घेऊन बघा. गॅरेजमध्ये स्कॅनरने जाळून घेणं दोन-तीन हजार, काढून साफ करणं ८ ते १५ हजार, नवा लाखाच्या घरात. कोणी "डीपीएफ काढून टाकू, कटकटच नको" म्हणालं तर नको म्हणा, ते बेकायदा आहे. रोजचा प्रवास दहा किलोमीटरच्या आत असेल तर माझं स्पष्ट मत: डिझेल घेऊच नका, पेट्रोल बघा.

खालून येणारे आवाज

पुण्यात सस्पेन्शन हा पार्ट नसून वर्गणी आहे. आवाजावरून साधारण ओळखता येतं. लहान खड्ड्यांवर खट-खट म्हणजे लिंक रॉड, जोडी दोन ते चार हजार. स्पीड ब्रेकरवरून हळू उतरताना कुरकुर म्हणजे बुश. मोठ्या खड्ड्यात धप्प आणि नंतर गाडी झोके घेत राहिली तर शॉकअब, पुढची जोडी ८ ते १५ हजार. स्टिअरिंग पूर्ण वळवून वळताना टक-टक म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, ६ ते १२ हजार. त्याचं रबरी बूट फाटलेलं वेळेत दिसलं तर दीड-दोन हजारांतच निभावतं. स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे, क्रॉस तपासा. वेगाबरोबर वाढणारी विमानासारखी घूं-घूं व्हील बेअरिंगची, ३ ते ६ हजार.

ब्रेकर थोडा तिरका घ्या, एकेक चाक वेगळं चढवा. डावं बोलतंय की उजवं ते कळतं.

लोअर आर्म एक बाजू चार ते सात हजार. इथेही तोच नियम: आर्म निघाला की बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड एंड एकदम, मग एकदाच अलाइनमेंट. दर महिन्याला एकेक बदलत गेलं तर अलाइनमेंटचे हजार-बाराशे दर वेळी. आणि बॉल जॉइंट ढिला असताना टाळाटाळ करू नका, तो निसटला तर चाक आडवं होतं.

टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी वापरत नाही. १७ इंची टायर एक ८ ते १३ हजार, म्हणजे चार टायर हे घासाघीस करताना मालकाकडून वजा करायचे चाळीस हजार आहेत. स्टेपनी विसरू नका.

ब्रेक आणि एसी

ब्रेकचं थोडक्यात. पुढचे पॅड अडीच ते पाच हजार, डिस्कची जोडी ६ ते १० हजार, एबीएस सेन्सर दोन ते चार हजार. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना भरलेली एसयूव्ही खालच्या गिअरला ठेवा. तो उतार नुसत्या ब्रेकवर उतरायचा नाही, आणि तिथे किती अपघात होतात ते पुण्यात कोणाला सांगायला नको.

एसीचा खेळ असा: विकण्याआधी दीड-दोन हजारांचा गॅस भरला की पंधरा-वीस दिवस मस्त गारवा. म्हणून "नुकताच गॅस भरलाय" हे वाक्य मला खोकल्यासारखं ऐकू येतं. गळती कुठे आहे त्यावर सगळं. कंडेन्सर ६ ते १० हजार. कूलिंग कॉइल तेवढ्याचीच, पण ती डॅशबोर्डच्या आत, त्यामुळे अख्खा डॅशबोर्ड काढायचे पाच ते आठ हजार वेगळे. डॅशबोर्ड निघाला की हीटर कोअर, ब्लोअर, एक्स्पान्शन व्हॉल्व सगळं बघून घ्या, कारण एकदा काढलेला डॅशबोर्ड पुन्हा काढला की खडखडायला लागतोच. कॉम्प्रेसर १८ ते ३० हजार. सात सीटरमध्ये मागचा एसीही तपासा, तिसऱ्या रांगेत स्वतः बसून.

पाण्यात राहिलेली गाडी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या स्वच्छ होऊन बाजारात येतात, आणि दोष वर्षभराने एकेक करून उगवतो: वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडतात, एअरबॅगचा दिवा, मग सेन्सर, मग ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. तळाच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर गाडी बुडाली होती. बेल्ट कोणी धूत नाही. सीटखालचे स्क्रू, स्टेपनीची खोबण, मॅटखालचा फोम दाबून बघा. नव्या कोऱ्या कार्पेटचा आणि उग्र एअर फ्रेशनरचाही संशय घ्या. अशी गाडी मी निम्म्या किमतीतही घेणार नाही.

कागद, पटकन

वाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्जाची नोंद आहे का बघा. असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. थकीत ई-चलनं मालकाकडूनच भरून घ्या. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात, ते लांबवू नका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा. पंधरा वर्षं जवळ आलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणी आणि हरित कर दोन्ही हिशेबात घ्या.

गॅरेज कुठलं, पार्ट कुठून

वॉरंटी संपलेल्या गाडीला मी इलेक्ट्रॉनिक कामासाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि यांत्रिक कामासाठी त्याच कंपनीत आधी काम केलेला बाहेरचा मिस्त्री, अशी वाटणी करतो. पार्ट नाना पेठेत मिळतात, पण तिथे जाताना पार्ट नंबर लिहून न्या. "एक्सयूव्हीचा लोअर आर्म द्या" म्हटलं की दुकानदार तीन दर्जांचे तीन भाव सांगतो: कंपनीचा, कंपनीला पुरवणाऱ्याचाच पण त्याच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि लोकल. मधला बहुतेक वेळा शहाणपणाचा. बेअरिंग, ब्रेक पॅड आणि टायमिंगचं सामान लोकल कधीच घ्यायचं नाही. वायपर, बूट, दाराचे हँडल लोकल चालतात.

काम सुरू करण्याआधी एस्टिमेट व्हॉट्सअॅपवर लेखी मागवा. जुना पार्ट परत मागा. काम झाल्यावर तो डिकीत दिसला पाहिजे, मग तुम्ही भंगारात दिला तरी चालेल.

पहिलं वर्ष असं लावा

गाडीच्या किमतीच्या १५ टक्के बाजूला काढा. सहा लाखांच्या गाडीला नव्वद हजार. ते नसतील तर पाच लाखांची गाडी बघा, मुलांना सनरूफ नंतर.

घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे फिल्टर, इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल आणि बॅटरीची तपासणी. दहा ते पंधरा हजार, बॅटरी टाकावी लागली तर आणखी सात ते दहा. बेल्टवाली गाडी असेल आणि बिल नसेल तर बेल्ट पहिल्याच महिन्यात, कोकणाआधी. मग ब्रेक आणि बॉल जॉइंट. शॉकअब, एसी, माउंटिंग हे त्रास देतात, सहसा जीव घेत नाहीत, ते पावसाळ्यानंतर. क्लच संपेपर्यंत चालवा, पण त्याचे पैसे तयार ठेवा.

आणि ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय उघडलं होतं, पुढच्या वेळी काय बघायचं. माझ्या वहीतली शेवटची नोंद: "१,३१,२००. ऑईल, डिझेल फिल्टर. डावं पुढचं बेअरिंग ८० च्या वर घूं-घूं सुरू. हब निघेल तेव्हा एबीएस सेन्सर आणि ड्राइव्ह शाफ्टचं बूट बघणे."